निकेलखाली गेलेला नंबर

माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर इथल्या बँडवाल्यांकडे जे जुने फ्रेंच सॅक्सोफोन अजून शिल्लक आहेत, त्यांची माहिती मी तिच्यात लिहिते. वाद्य कोणाकडे आहे, मागचा नंबर काय, चाव्या कुठल्या बाजूला, कर्ण्यावर म्हणजे पुढच्या रुंद तोंडावर नक्षी कसली, आणि शेवटी एक रकाना शेऱ्याचा. आजवर अकरा वाद्यं झाली. मी वाद्यं विकत घेत नाही. शिरगावच्या आमच्या दोन खोल्यांत एक सॅक्सोफोन मावतो, तेवढं पुरे आहे. जमवायचे ते त्यांचे जन्मदाखले.

वहीचं पहिलं पान मात्र तीन वर्षं कोरं होतं. ते मी आमच्या आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या सॅक्सोफोनसाठी राखून ठेवलं होतं. आप्पा चाळीस वर्षं सांगत आले की त्यांचं वाद्य पॅरिसचं आहे. ते खरं की खोटं, हे सिद्ध करणारी एकच गोष्ट होती, आणि ती मी स्वतःच्या हौसेने पुसून टाकली होती.

आप्पा वांगणीजवळच्या गावचे. घरची भातशेती थोडी, भाऊ पुष्कळ. तरुणपणी ते बदलापूरच्या एका ब्रास बँडमध्ये झांजा वाजवायला लागले आणि पुढे सॅक्सोफोनपर्यंत पोचले. वाद्य त्यांना एका वयस्क गोवेकर वादकाकडून मिळालं. मुंबईच्या हॉटेलांत वाजवणारा तो माणूस छातीच्या दुखण्याने थकला होता. देताना तो म्हणाला, "हा पॅरिसहून बोटीतून आलेला आहे. पोटाला चिमटा काढ, पण हा विकू नकोस." एवढाच पुरावा. आप्पांनी तो आयुष्यभर पुरवला.

बँडमधले लोक कशाला ऐकून घेतात! आपल्याकडे बँडची वाद्यं येतात मेरठहून. निम्मा देश त्यांच्यावर वाजतो आणि चांगला वाजतो. त्यामुळे आप्पांच्या शेजारी उभे राहून क्लॅरिनेट वाजवणारे काका त्यांना कायम "फ्रान्स" म्हणूनच हाक मारायचे. "काय रे फ्रान्स, चहा घेतोस का कॉफी लागते तुला?" आप्पाही त्यांना "पिपाणी" म्हणायचे. दोघांची मैत्री या दोन शिव्यांवर चालली होती.

मी पाचवीत गेले, शाळेत इंग्रजी सुरू झालं, आणि आप्पांनी मला सॅक्सोफोनसमोर बसवलं. आमच्या घरात तोवर कोणालाच इंग्रजी वाचता येत नव्हतं. कर्ण्यावर वेलबुट्टीत कोरलेली अक्षरं मी बोट ठेवून एकेक वाचली. पी, ए, आर, आय, एस. आप्पा उठून थेट काकांकडे गेले. काका हसले. "मेरठला अक्षरांची कमी आहे का? सांगशील तर लंडन लिहून देतील. वर राणीचा मुकुट फुकट."

पुढे मी उल्हासनगरच्या कॉलेजातून बीएस्सी झाले. घरातली पहिली. माझी फी म्हणजे आप्पांची फुंकर होती, हे मला पक्कं ठाऊक होतं. मे महिन्याच्या उन्हात गळपट्टा घालून, वरातीपुढे उलटं चालत, नाचणारे थांबत नाहीत तोवर वाजवत राहायचं. पंगत सगळ्यांची झाल्यावर बँडवाल्यांची. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत मला तपासणी विभागात नोकरी लागली आणि पहिला पगार हातात आला, तेव्हा आप्पांसाठी काय करायचं हा प्रश्नच नव्हता. त्यांचा सॅक्सोफोन काळवंडला होता. बँडमध्ये चकचकीत वाद्यवाला पुढच्या रांगेत उभा राहतो, हेही मी पाहत आले होते.

जुलै होता. लग्नं संपलेली, आप्पा भाताच्या लावणीसाठी गावी गेलेले. मी कपाटावरची पेटी काढली आणि उल्हासनगरला प्लेटिंगच्या एका दुकानात नेली. दुकानदार सिंधी, वयस्क, बोटं कायमची राखाडी झालेली. त्याने वाद्य उलटसुलट करून पाहिलं.

"बेटी, चढ़ा देंगे निकल. लेकिन पहले घिसना पड़ेगा, बहुत खड्डा है."

"घिसो ना अंकल. एकदम नया दिखना चाहिए."

"पीछे नंबर-बिंबर है, आगे कुछ लिखा है. वो चला जाएगा, हां?"

"जाने दो," मी म्हणाले.

ते दोन शब्द मला अजून माझ्याच आवाजात ऐकू येतात. त्या माणसाने विचारलं होतं. कंपनीत मी दिवसभर बाटल्यांवरचे नंबर तपासत होते. एका आकड्याची चूक असली तर अख्खा माल परत पाठवत होते. आणि इथे म्हणाले, जाने दो.

आप्पा परत आले, पेटी उघडली आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आरशासारखा झालाय गं." पहिल्याच लग्नात वाद्य झगमगलं, आप्पा पुढच्या रांगेत आले, आणि मी रस्त्याच्या कडेला उभी राहून डोळे पुसले. त्या चकाकीत काय नाहीसं झालंय, हे मला कळायला जवळजवळ वीस वर्षं गेली.

कळलं ते असं. अंबरनाथ पूर्वेला एका हॉलबाहेर बँड वरातीची वाट बघत उभा होता आणि त्यातल्या एका सॅक्सोफोनवर मला बारीक अक्षरं दिसली. खाली एस, जी, डी, जी. वादकाला विचारलं तर तो म्हणाला, "ताई, ते आधीपासून आहे." घरी येऊन मी फोनवर शोधलं. अर्थ निघाला तो असा की या शोधाचं पेटंट घेतलेलं आहे, पण सरकार त्याची हमी देत नाही. फ्रान्समध्ये पूर्वी असं छापणं बंधनकारक होतं. नंतर ते बंद झालं. म्हणजे ही चार अक्षरं दिसली की वाद्य त्याआधीचं.

मी आप्पांना सांगितलं. ते खूश झाले. "सरकारची हमी नाही असं स्वतःच लिहून देतात? सरळ माणसं आहेत."

मला नादच लागला. ज्या वाद्यांकडे मी लहानपणापासून बघत होते, ती वाचता येतात हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. खालचे सूर काढणाऱ्या दोन मोठ्या झाकण्या कर्ण्याच्या डावीकडे असतील तर वाद्य बहुधा जुनं, उजवीकडे असतील तर नंतरचं. एकाच कारखान्यातलं वाद्य वेगवेगळ्या दुकानदारांच्या नावाने विकलं जायचं, त्यामुळे नावावर फार विसंबायचं नाही. खरा आधार नंबरचा. अंगठा टेकतो त्याच्या आसपास, नळीच्या मागे तो ठोकलेला असतो, आणि कारखान्यांचे तक्ते पाहून त्यावरून वर्ष काढता येतं. तेही अंदाजेच. वाद्य बनलं कधी आणि कारखान्याबाहेर पडलं कधी, यावर जुनी वाद्यं जमवणारे लोक इंटरनेटवर भावकीसारखे भांडतात.

रविवारी मी वही, टॉर्च आणि भिंग घेऊन निघायचे. सुरुवातीला बँडवाल्यांना वाटायचं मी कुठल्या ऑफिसातून आलेय. "मॅडम, लायसन लागतं का आता याला?" मग मी आप्पांचं सांगायचे आणि स्टूल पुढे यायचं. उल्हासनगरला एका गल्लीत दहा मिनिटांत तीन पेट्या माझ्यापुढे उघडल्या. त्यातले दोन मेरठचे निघाले, आणि एक असा फ्रेंच, की त्याच्या मालकाने त्याला छत्रीच्या तारेची स्प्रिंग बसवली होती. ती छान चालत होती. तेही मी शेऱ्यात लिहिलं.

आप्पांचा सॅक्सोफोन मी सगळ्यात आधी बघायला हवा होता. मी तो टाळत होते. शेवटी एका रविवारी पेटी उघडली, वाद्य पालथं केलं आणि अंगठ्याच्या जागेखाली टॉर्च धरला. गुळगुळीत. कर्णाही गुळगुळीत. टॉर्च तिरका धरला. मुलं नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतात तशी घासून पाहिली. एका आकड्याची शेपटी उमटली, ती तिनाची असेल, पाचाची असेल, नाहीतर माझ्या मनातली असेल.

आप्पा खुर्चीत बसून बघत होते. त्यांनी वाजवणं सोडून चार वर्षं झाली होती. दात गेल्यावर कवळी आली आणि कवळीला माउथपीसचा भार सोसेना.

"सापडलं का?"

"नाही आप्पा. मीच घालवलाय नंबर. दुकानदाराने विचारलं होतं मला."

"असू दे. पिपाणीला काय, तो नंबर बघूनही मेरठच म्हणेल."

ते हसत म्हणाले. पण नंतर हळूच विचारलं, "दुसरीकडे कुठे नसतो का गं तो लिहिलेला?" तेव्हा मला कळलं की त्यांना हे किती हवं आहे. ऐंशीला टेकलेल्या माणसाला एकदाच खात्रीने ऐकायचं होतं की तो गोवेकर खोटं बोलला नव्हता, आणि आपण चाळीस वर्षं भोळसट ठरलो नव्हतो.

दुसरीकडे तो होता, अर्धामुर्धा. वाद्याचे पॅड वाळून कडक झाले होते, म्हणून मी ते उल्हासनगरच्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेलं. सॅक्सोफोनच्या चावीला वाटीसारखी झाकणी असते आणि तिच्यात चामड्याचा पॅड लाखेने चिकटवलेला असतो. त्याने वाटी दिव्यावर धरली, लाख वितळली, पॅड निघाला. वाटीच्या तळाशी निकेल होतं, पण घासायचं चाक इतक्या आत पोचलं नव्हतं. तिथे बारीक आकडे होते. सहा, चार, आठ.

"हे काय?"

"जोड़ का नंबर, दीदी. कारखाने में चाबी और नली की जोड़ी न बिगड़े, इसलिए."

त्याने दुसरी वाटी तापवली. तिच्यातही सहाशे अठ्ठेचाळीस. तिसरीतही. मी फोटो काढून परदेशातल्या एका जमवणाऱ्याला पाठवले. तो इंटरनेटवर माझ्या प्रश्नांना नेहमी उत्तर देतो. त्याने लिहिलं की पॅरिसच्या एका कारखान्यात चाव्यांच्या आत पूर्ण नंबरचे शेवटचे तीन आकडे ठोकत असत. पण तीन आकडे कोणीही ठोकू शकतं, तेवढ्यावर काही सिद्ध होत नाही. तो कारखाना वरच्या वाकड्या नळीवर मात्र पूर्ण नंबर घालायचा. ती नळी पाहिलीत का?

माउथपीस ज्या नळीला लागतो ती ही नळी. आप्पा तिला नुसतं "वाकडी" म्हणतात. मी ती आधीच पाहिली होती. चकचकीत, कोरी. घासताना नंबर गेला असेल असं मी धरून चालले होते. आता पुन्हा हातात घेतली, तर तिच्या खालच्या टोकाला कागदाची पट्टी गुंडाळलेली दिसली. जोड ढिला असला की वादक असं करतात. पण एकाच कारखान्यात एकमेकांसाठी बनलेला जोड इतका ढिला का असावा?

"आप्पा, ही वाकडी मूळची आहे?"

आप्पांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"नाही," ते म्हणाले. "मूळची पिपाणीकडे आहे."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बँडच्या खोलीत सगळ्यांची वाद्यं एकत्र टांगलेली असायची, आणि कोणी न विचारता ती दुसऱ्या लग्नाला घेऊन जायचं. म्हणून प्रत्येक जण आपला माउथपीस घरी न्यायचा. आप्पा वाकडीही न्यायचे. ती नसली की वाद्य मुकं. ही सवय इतकी हाडात भिनलेली की वाद्य घरी असलं तरी वाकडी वेगळी, फडक्यात गुंडाळून कपाटाच्या कप्प्यात. त्या जुलैत मी पेटी नेली तेव्हा वाकडी तिच्यात नव्हतीच. ती निकेलला गेलीच नाही.

"मग तुम्ही ही नवी का लावलीत?"

"अंग चांदीसारखं आणि वर काळी वाकडी. तू समोर उभी राहून बघणार होतीस. म्हणून निकेलची विकत आणली."

"आणि जुनी काकांकडे कशाला?"

"घरात राहिली असती तर तुला सापडली असती."

मी विचारलं, "वाजायचं कसं हिच्यावर?"

"वरचे सूर पळायचे," आप्पा म्हणाले. "आवरायचो."

पुढच्या रविवारी आप्पांना रिक्षात घालून मी अंबरनाथ पश्चिमेला काकांच्या घरी गेले. काकांनी दार उघडलं. "या फ्रान्स! विमान वेळेवर आलं ना?" आम्ही कशाला आलोय ते सांगितलं तेव्हा त्यांनी आधी आप्पांकडे पाहिलं आणि विचारलं, "सांगितलंस पोरीला?" आप्पांनी मान हलवली. काका आत गेले आणि स्टीलचा लाडवाचा डबा घेऊन आले. डब्यात त्यांच्या क्लॅरिनेटच्या तोंडाला लावायची पाती, मेणाचा तुकडा, आणि बँडच्या जुन्या गणवेशाच्या लाल कापडात गुंडाळलेली वाकडी.

तिचं पितळ कुठेच दिसत नव्हतं. खंडेनवमीला वाद्यांची पूजा होते. काका दर वर्षी आपल्या क्लॅरिनेटशेजारी ही वाकडी मांडून तिला हळदकुंकू वाहत आले होते. वीसेक वर्षांचे थर. मी ओल्या फडक्याने पुसायला घेतलं तशा काकू म्हणाल्या, "अगं, पूजेचं आहे, असं खसाखसा नको पुसू." म्हणून मी बोट ओलं करून वरवरचं तेवढं काढलं. खालून मळकट पितळ दिसायला लागलं. मग एका जागी कुंकू निघेचना. ते खाचेत बसलं होतं.

लाल आठ. त्याच्या डावीकडे लाल चार. मी उलटीकडून वाचत होते आणि सहा येईपर्यंत श्वास घेतला नाही. सहा आला. त्याच्या आधी आणखी दोन आकडे होते, तेही स्वच्छ.

"सहाशे अठ्ठेचाळीस," मी म्हणाले. "चाव्यांमध्ये हेच आहे, आप्पा. हा तोच आहे."

आप्पांनी वाकडी हातात घेतली आणि आकड्यांवरून अंगठा फिरवला. मी फोटो पाठवला. चहा होईपर्यंत उत्तर आलं. वाकडी पॅरिसच्याच कारखान्याची, शेवटचे आकडे अंगाशी जुळतात, त्यामुळे आता शंका नाही. साल दोन तक्त्यांत दोन वेगळी होती, पण दोन्ही दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. मी ते वाचून मराठीत सांगितलं. आप्पा काकांकडे बघत राहिले.

"बघतोस काय?" काका म्हणाले. "मी काय चष्मा लावून पूजा करतो?"

"पण काका, मूळची वाकडी तुमच्याकडे होती. तरी मेरठच म्हणत राहिलात?"

"मग काय म्हणू? हा पॅरिसचा आहे असं एकदा कबूल केलं असतं, तर यानं आम्हाला शेजारी उभं केलं असतं का?" मग आप्पांकडे बोट करून म्हणाले, "आणि ती निकेलची वाकडी आणलीस तेव्हापासून तुझा सूर चढा. तुझ्यापायी मी माझी पिपाणी दर लग्नात चढवून वाजवली. ते कुठल्या तक्त्यात आहे का बघ गं."

आप्पांना हे माहीत नव्हतं. त्यांनी पेटीतून वाद्य काढलं आणि जुनी वाकडी बसवली. कागद लागला नाही. ती थोडी अडली आणि मग घट्ट फिरली. काळपट वाकडी आणि खाली लखलखीत अंग, अगदी विजोड. आप्पांनी कवळी काढून बशीत ठेवली, हिरड्यांवर ओठ दुमडले आणि एक सूर लावला. पहिल्यांदा नुसती हवा आली. दुसऱ्यांदा आवाज आला, जाड, थरथरता, आणि वर गेला तेव्हा पळाला नाही. मग दम संपला.

"ठीक आहे," काका म्हणाले. "वाद्य पॅरिसचं. वाजवणारा अजून बदलापूरचाच."

आप्पा कवळीशिवाय मनसोक्त हसले.

घरी आल्यावर मी वहीचं पहिलं पान काढलं. नंबर लिहिला. झाकण्या डावीकडे. नक्षी नाही. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: "निकेल केल्याने अंगावरचा नंबर व अक्षरं गेली. चूक माझी." आप्पांनी वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं.

"एवढंच?" ते म्हणाले. "खाली लिही, मुलीच्या पहिल्या पगारातून."

"याचा वाद्याच्या माहितीशी काय संबंध, आप्पा?"

"छत्रीच्या तारेचं लिहिलंस ना?"

मी लिहिलं. निकेलची वाकडी त्यांनी लाल कापडात गुंडाळली आणि कपाटाच्या त्याच जुन्या कप्प्यात ठेवून दिली.